तुमच्या पुढे किती

सोमवार, ४

आजचा दिवस शिव्या खाण्यात गेला. ऑफिसात पाय ठेवला नाही तोच फोन खणखणायला लागले. सगळ्यांची एकच तक्रार: आकडा दिसत नाही.

आम्ही नेत्ररोपणाची प्रतीक्षायादी सांभाळतो. बुबुळावरचा पडदा पांढरा पडलेली माणसं घराजवळच्या केंद्रावर नाव नोंदवतात, प्रत्येक केंद्राची रांग वेगळी. कुणी जाताना डोळे देऊन गेलं की यादीतल्या पुढच्या माणसाला इस्पितळातून फोन जातो. आपला नंबर कधी लागणार हे कळावं म्हणून ॲपमध्ये 'तुमच्या पुढे किती' असं एक पान आहे. तेच पान गेले कित्येक महिने मान टाकून पडलंय. वाट बघणारी माणसं काही हजारच आहेत, पण आमच्या तक्त्यात नोंदी कोट्यवधी, कारण आम्ही काहीच पुसत नाही. नाव घातलं की एक नोंद, तपासणी झाली की एक, ताप आला म्हणून पुढे ढकललं की आणखी एक. ज्यांचं रोपण झालं ते, जे कंटाळून नाव काढून गेले ते, जे या जगातूनच गेले ते, सगळे तिथेच बसलेत. कुणी ते पान उघडलं की संगणक या साऱ्यांना पहिल्यापासून मोजायला घेतो. त्यात मिनिटांवर मिनिटं जातात. माणूस वैतागून पुन्हा बटण दाबतो, म्हणजे पहिली मोजणी चालू असतानाच दुसरी सुरू. सकाळी उठल्या उठल्या सगळेच दाबतात आणि सगळंच बसतं.

बटण दाबणाऱ्यांत आमचे बाबाही आहेत. जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली, एका फटक्यात सुईत दोरा ओवायचे, आता मला आवाजावरून ओळखतात. "वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं," म्हणतात. फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. सकाळी स्वयंपाकघरात बसून त्या फोनमधल्या बाईकडून ते एकच वाक्य ऐकतात, "कृपया प्रतीक्षा करा."

"पोरगी तिथेच कामाला आणि बाप प्रतीक्षा करतोय," आज म्हणाले. हसत म्हणाले, पण मला लागलं.

त्यांची नोंद मी कधी उघडून बघितलेली नाही. कर्मचाऱ्याने नातेवाइकाची नोंद बघायची नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि मी त्यावर सही केलीय. या माझ्या सोवळेपणाचा मला जरा जास्तच अभिमान आहे, हे इथे लिहून ठेवते.

बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, दुपारी बोलावून घेतलं. एकवीस तारखेला विश्वस्त येणार आहेत. त्यांच्यासमोर मोठ्या पडद्यावर ते पान चटकन उघडलं पाहिजे. "चटकन म्हणजे कसं?" मी विचारलं. त्यांनी चुटकी वाजवून दाखवली.


बुधवार, ६

सापडलं!

खरा उपाय मला पहिल्यापासून माहीत आहे. पुस्तकाच्या मागे सूची असते ना, तशी सूची करायची, पण फक्त आज वाट बघणाऱ्यांची. बाकीची कोट्यवधी गर्दी बाहेर. मग मोजायला काही हजार माणसंच उरतात. पण चालत्या तक्त्यावर अशी सूची चढवायची म्हणजे परवानग्या, चाचण्या, रंगीत तालीम, आठवडा तर सहज जाणार. मध्येच काही अडकलं तर विश्वस्तांसमोर माझीच शोभा.

त्याऐवजी दुसरी वाट आहे. हा डेटाबेस स्वतःच्या सोयीसाठी कशाचे किती असतील याचा एक अंदाज बाळगून असतो. साखर किती उरली हे बघायला आपण दाणे मोजत नाही, डबा हलवून बघतो, तसं. मी ठरवलं, मोजायला लावायचंच नाही, तो अंदाजच मागायचा. पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं.

शेजारच्या टेबलावर शंकासुर बसतो. खरं नाव वेगळं आहे, पण कशालाही "पण समजा" म्हटल्याशिवाय त्याचा घास उतरत नाही. मी खुर्ची ओढून त्याला दाखवलं.

"भारी आहे," तो म्हणाला. "पण समजा, डबा अर्धा भरलेला असला तर हलवून कळतं. तळाशी चार दाणे राहिले असतील तर?"

"तर काय?"

"तर काय कळतं हलवून? पुढे हजार असतील तर तुझे नऊशे आले काय नि अकराशे आले काय, सारखंच. पण ज्याच्या पुढे चारच माणसं आहेत त्याला हा काहीही सांगेल."

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला राग आला. "मी आकड्याच्या आधी 'अंदाजे' असं घालणार आहे," मी म्हटलं. आणि घातलंसुद्धा.


शुक्रवार, ८

बाईंना दाखवलं. खूश झाल्या. लगेच चष्मा नाकावर सरकवून म्हणाल्या, "हे 'अंदाजे' काय आहे?"

मी सांगितलं की हा मोजलेला आकडा नाही, अदमास आहे.

"अगं, दिसत नाही म्हणून आपल्याकडे आलेली माणसं ती. त्यांना आपणही अंदाजेच सांगायचं? काढ ते. उगाच शंभर फोन येतील, अंदाजे म्हणजे किती म्हणून."

"पण लहान आकड्यांना—"

"फरक पडतो का फार?"

इथे मला बोलायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. शंकासुराचे चार दाणे डोळ्यांपुढे होते. मी म्हटलं, "तसा फार नाही."

एक शब्द पुसायला कितीसा वेळ लागतो! जागेवर आल्यावर शंकासुराने फक्त भुवया उंचावल्या. मी त्याला म्हटलं, "बाईंचा निर्णय आहे." त्याने मान फिरवली. मला वाटलं, हा का मला गुन्हेगारासारखं वागवतोय. एकवीस तारीख होऊन जाऊ दे, मग निवांतपणे सूची बसवणारच आहे ना मी.


मंगळवार, १२

आजपासून सगळ्यांसाठी चालू केलं. सकाळी एकही फोन नाही. कॅन्टीनवाल्यानेही अभिनंदन केलं, त्याची सासू यादीत आहे.

घरी आले तर बाबा दारातच. "अगं, बोट टेकवलं की बाई बोलते! दम खायलाही वेळ देत नाही." त्यांनी मला तीनदा ऐकवलं. तुमच्या पुढे एकशे अठरा. तुमच्या पुढे एकशे अठरा. समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांनाही ऐकवून आले होते म्हणे. "आमच्या लेकीने बसवलंय."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला आवडतं.


शनिवार, १६

सुट्टी. बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले. ते मान मागे टाकून पडले होते, तसेच म्हणाले, "पुढच्यांची संख्या कधी वाढते का गं?"

"म्हणजे?"

"नाही, मागे ते पान चालायचं तेव्हा शेवटचा बासष्ट ऐकला होता. आता एकशे अठरा. आज तर एकशे एकतीस म्हणाली."

"वाढतो की. लहान मुलं असतात, अपघाताच्या केसेस असतात. तातडीचे असले की त्यांना मध्ये घेतात."

"इतके?"

"बाबा, डोळे मिटा. औषध बाहेर येतंय."

त्यांनी मिटले. तसेच पडून म्हणाले, "बरोबर आहे. पोरांना आधी मिळायलाच हवं." मग त्यांनी रेडिओ लावून मागितला. त्यांना असं बारीकसारीक लक्षात ठेवून उगाळत बसायची सवय आहे. रिकामपण, दुसरं काय.


रविवार, १७

आत्याचा फोन आला. बाबांची धाकटी बहीण. ती वर डोंगरात राहते, तिच्या घरात फोनला रेंज नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाशी येऊन बोलावं लागतं. गुडघे धरलेत म्हणते, दादाला दहा दिवस पाठव, दोघं म्हातारे गप्पा मारू.

बाबांची जायची तळमळ मला ऐकू येत होती, पण म्हणाले, "नको. बोलावणं आलं तर?"

इस्पितळाच्या पत्रकात लिहिलंय: आकडा वीसच्या आत आला की गाव सोडू नका. फोन संध्याकाळपर्यंत कधीही येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी हजर व्हायचं असतं. रुग्ण सापडला नाही तर दुसऱ्या नंबरवर लावतात. तिथेही कुणी नसेल तर पडदा पुढच्या माणसाला. तो काही लोणच्यासारखा बरणीत ठेवता येत नाही.

"बाबा, वीस कुठे आणि एकशे एकतीस कुठे! दहा दिवसांत शंभर माणसं होणार आहेत का?"

"नक्की ना?"

"आकडा मी बसवलाय."

हे ऐकून त्यांचा चेहरा सैल पडला. लगेच पिशवी भरायला घेतली. उद्या सकाळच्या गाडीत बसवून देणार आहे. दुसरा नंबर म्हणून माझा दिलेलाच आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.


गुरुवार, २१

झाला एकदाचा कार्यक्रम! आणि काय झाला!

दहा-बारा विश्वस्त, बाई नव्या कपड्यांत, मोठा पडदा. पडद्याला माझाच फोन जोडला होता. मी एकेका केंद्राचं पान उघडायचं, आकडा झळकायचा, बाई चुटकी वाजवायच्या. दुसऱ्यांदा चुटकी वाजली तेव्हा मंडळींनी टाळ्याच वाजवल्या. मध्येच माझ्या फोनवर कुठलातरी अनोळखी नंबर वाजायला लागला. तो भला थोरला नंबर पडद्यावर, आकड्याच्या डोक्यावर. मी लाजून कापला. परत आला. परत कापला. एक वयस्कर विश्वस्त म्हणाले, "तुम्हाला फारच मागणी दिसते," आणि सगळे हसले. कर्ज हवंय का विचारणाऱ्यांना मुहूर्त तरी कसा सापडतो कोण जाणे.

पुष्पगुच्छ मिळाला. छायाचित्र काढलं. बाई सगळ्यांना सांगत होत्या, "मिनिटांचं काम क्षणावर आणलं हिने." मी मान खाली घालून नम्रपणे उभी होते, म्हणजे तशी दिसत होते.

बाबा असते तर ऐकायला घेऊन आले असते.


सोमवार, २५

कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसून लिहितेय.

शंकासुराने शनिवारी-रविवारी घरून बसून, कुणी सांगितलेलं नसताना, खरी मोजणी चालवली. प्रत्येक केंद्राची, सावकाश, शेवटपर्यंत. आज सकाळी माझ्यापुढे दोन रकाने ठेवले. डावीकडे त्या केंद्राच्या रांगेत एकूण किती जण आहेत असं आमचं पान दाखवतं ते, उजवीकडे खरं. मोठ्या केंद्रांचे आकडे आसपास होते. छोट्या केंद्रांचे बघवेनात. एका ठिकाणी डावीकडे एकशे चाळीसच्या घरात आणि उजवीकडे पाच.

"हे कुठलं केंद्र?" मी विचारलं. खरं तर मी वाचलं होतं.

"तुमच्या घराजवळचं."

मग त्याने त्याच्या संगणकाचा पडदा माझ्यापासून फिरवून घेतला. मला बघायला मनाई आहे हे त्याला ठाऊक आहे. बराच वेळ वाचत राहिला आणि त्याच आवाजात म्हणाला, "गुरुवारचे न घेतलेले कॉल बघ तुझ्या फोनमध्ये."

मी बघितले. दोन. एकाच नंबरचे. पायऱ्यांवर येऊन तो नंबर लावला.

"नेत्ररोपण विभाग," बाईचा आवाज आला. इस्पितळात रुग्णांना फोन लावण्याचं काम करणारी. मी बाबांचं नाव सांगितलं.

"अहो ताई, किती शोधलं तुम्हाला! त्यांचा तर लागतच नव्हता. तुमचा दोनदा लावला, तुम्ही दोनदा कापलात. मला वाटलं, कामात असतील, करतील परत. मी सहापर्यंत थांबले हो."

"मग?"

"मग पुढच्याला दिला. काय करणार? छान पडदा होता, तरुण माणसाचा. जाऊ दे, तुमचा नंबर तसाच राहतो, पहिल्या वेळेला खाली टाकत नाही आम्ही. पण आजोबांना गावाबाहेर कशाला पाठवलंत? आकडा दिसतो ना तुम्हाला त्या ॲपवर?"

"दिसतो," मी म्हटलं.

मोठ्या पडद्यावर, टाळ्यांच्या गजरात, सगळ्यांदेखत मी माझ्या बापाचा डोळा कापला. एकदा नाही, दोनदा. वर हसलेसुद्धा.


मंगळवार, २६

बाबा आले. नाक उन्हाने लाल झालंय, आत्याने फळांची पिशवी दिलीय. तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पानाचं कौतुक सांगून आलेत. एकाला मोतीबिंदू आहे, त्यालाही तुझ्याकडे पाठवतो म्हणाले.

सांगितलं नाही. जेवताना सांगणार होते. मग म्हटलं, प्रवासाचा शीण आहे. मग ते झोपले.


गुरुवार, २८

आज सूची बसवली. परवानगी मागितली तर सर्व्हरवाल्याने तासाभरात दिली. "आधीच का नाही मागितलीत?" एवढंच म्हणाला. चाचणी, रंगीत तालीम, सगळं धरून एका दुपारचं काम झालं. आता खरा आकडा, मोजून काढलेला, जवळजवळ तेवढ्याच चपळाईने येतो. फरक चुटकीलाही कळणार नाही. ज्या आठवड्याभराच्या भीतीने मी डबा हलवत बसले तो आठवडा नव्हताच. हे मला कुणाला सांगायचीही लाज वाटते. शंकासुरालाही कळलं असणार, पण त्याने दाखवलं नाही. त्याने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याने आणखी एक मोजणी केली होती. ज्या दिवसापासून माझं पान चालू झालं तेव्हापासून किती जणांना बोलावणं गेलं आणि ते सापडले नाहीत.

"अकरा," तो म्हणाला.

"अंदाजे?"

"मोजून."

त्यातले काही एरवीही सापडले नसते. कुणाचा फोन बंद असेल, कुणी आजारी असेल. पण कोण कशामुळे, हे आता कुणालाच कळणार नाही.

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "दुरुस्त झालंय ना? मग एक निरोप पाठव त्या अकरांना. नीट, सभ्य भाषेत. संस्थेचं नाव आहे." त्या चुकीची सगळी जबाबदारी माझ्यावर ढकलतील असं वाटलं होतं. त्यांनी ढकलली नाही. त्यांनी ती कुणावरच टाकली नाही, आणि तेच मलाही सोयीचं वाटलं.

निरोप मी लिहिला. 'काही तांत्रिक कारणांमुळे आपणांस दर्शवण्यात आलेला क्रमांक अचूक नव्हता. या कालावधीत आपणांस आलेल्या बोलावण्याच्या वेळी आपण उपलब्ध होऊ शकला नाहीत, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला क्रमांक अबाधित आहे.' असं लिहायला मला कुणी शिकवलं? वाचताना असं वाटतं की पाऊस पडावा तसा हा क्रमांक आपोआप पडला.

अकरांत बाबा आहेत. मला ठाऊक होतं. तरी पाठवला. खरं सांगायचं तर मनात आलं होतं की निरोप आपला आपण पोचेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.


शनिवार, ३०

संध्याकाळपासून गच्चीवर बसलेय. खाली बाबा रेडिओ ऐकतायत. आज लिहिणार आहे ते सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी चहा करत होते. बाबांनी नेहमीप्रमाणे फोन टेबलावर ठेवून बोट टेकवलं. आधी तो निरोप बोलायला लागला. काल उशिरा पोचला होता, त्यांनी उघडला नव्हता. फोनमधली बाई हवामान सांगितल्यासारखं वाचत गेली, काही तांत्रिक कारणांमुळे आपणांस दर्शवण्यात आलेला. मी गॅससमोर पाठ करून उभी. चहा उतू गेला तरी हात हलेना.

बाबांनी तो दुसऱ्यांदा लावला. मग तिसऱ्यांदा.

"बोलावणं आलं होतं मला?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही आत्याकडे होतात तेव्हा."

बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले. मग अगदी साधेपणाने, गिऱ्हाईकाला मशीनचं काय बिघडलंय असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तांत्रिक कारण म्हणजे काय झालं गं?"

मी गॅस बंद केला. "तांत्रिक कारण म्हणजे मी, बाबा."

आणि सगळं सांगितलं. डबा, चार दाणे, पुसलेला शब्द, चुटकी, पडद्यावरचा नंबर. कापला हेही सांगितलं. दोनदा, हेही. त्यांच्यासमोर बसायचं धाडस झालं नाही, ओट्याला टेकून उभ्यानेच सांगितलं. त्यांना माझा चेहरा दिसत नाही याचं त्या क्षणी मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची आत्ता लिहिताना शिसारी येते.

"बासष्टचे एकशे अठरा झाले तेव्हाच मला काहीतरी वाटलं होतं," ते म्हणाले.

"मग जोर देऊन विचारलं का नाहीत?"

"विचारलं की. तू म्हणालीस, लहान मुलं आहेत." मग म्हणाले, "आणि तू किती खुशीत होतीस त्या दिवसांत."

हे मला त्यांनी मारलं असतं त्याहून जास्त लागलं. ओट्यापाशीच खाली बसून रडले. ते उठले नाहीत, पाठीवर हात फिरवायला आले नाहीत. त्यांनी यावं असं मला वाटत होतं आणि त्यांनी येऊ नये हेच बरोबर होतं. खुर्चीतून फक्त म्हणाले, "चहा सांडलाय, वास येतोय. पुसून घे."

मी पुसला. मग त्यांनी विचारलं, "असा निरोप आणखी किती जणांना गेलाय?"

"दहा."

"त्यांच्याकडेही ही बाई असंच बोलली असेल. तांत्रिक कारण, तांत्रिक कारण." त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "माझं ठीक आहे. आमचं तांत्रिक कारण स्वयंपाकघरातच उभं होतं, मी विचारू शकलो. त्यांनी कुणाला विचारायचं?"

त्यांना ना त्या पडद्याची हळहळ बोलून दाखवायची होती ना मला माफ करायचं होतं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. दिवसभर ते माझ्याशी भाजी, औषध, वर्तमानपत्र यापलीकडे बोलले नाहीत. दुपारी मी नवा निरोप लिहायला घेतला. तीनदा खोडला. तो असा झाला:

'तुम्हाला दाखवलेला आकडा मोजलेला नव्हता, अंदाज होता. तो अंदाज आहे हे सांगणारा शब्द मी काढून टाकला. चुकू शकतो हे मला माहीत होतं. त्यामुळे तुमचं बोलावणं हुकलं असू शकतं. आता आकडा मोजून येतो. रागवायचं असेल, विचारायचं असेल तर हा माझा नंबर.' खाली माझं नाव.

बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "शेवटी नंबर दोनदा लिही. आमच्यासारख्यांना पहिल्यांदा लक्षात राहत नाही."


बुधवार, ३

सोमवारी बाईंनी आत बोलावलं. "हे कुणाला विचारून पाठवलंस?"

"बाबांना," मी म्हटलं.

माझं काय करायचं ते विश्वस्त ठरवणार आहेत. जागेवरून उठवलेलं नाही अजून. शंकासुर काल पहिल्यांदाच माझ्या डब्यातलं न विचारता जेवला.

दहापैकी सहा जणांचे फोन आले. एकाने इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या दोन मला नवीन होत्या. एक बाई काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता, मग ठेवला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता खरा किती आहे तो सांगा, तुमच्या तोंडून सांगा." मी त्यांच्याकडून नोंदणी क्रमांक घेऊन बघितला आणि सांगितला. त्यांनी परत म्हणायला लावला.

आज सकाळी बाबांच्या फोनमधली बाई म्हणाली, तुमच्या पुढे शून्य. त्यांनी बूट दाराशी आणून ठेवलेत, पिशवीही भरलीय, आणि संध्याकाळच्या फिरण्याला सध्या फक्त जिन्यापर्यंत जातात. माझा फोन मी आवाज मोठा करून गळ्यात अडकवून फिरते. ऑफिसात सगळे हसतात.

आत्ता हे लिहीत असतानाच अनोळखी नंबर वाजला. पहिल्याच घंटेला उचलला. बाबा आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत बाहेर आले.

कर्ज हवंय का, म्हणून कुणी मुलगी विचारत होती. तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, नको म्हटलं, आभार मानले आणि ठेवला. वळून बघते तर बाबा दाराशी, एका पायात बूट चढवलेला, दुसरा हातात.

"आपला?"

"नाही बाबा."

ते तिथेच स्टुलावर बसले. मला वाटलं आता बूट काढतील. त्यांनी दुसराही घातला आणि चाचपडत त्याची नाडी बांधायला लागले.